नोबिताच्या मैदानातील तीन पाइप

(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा धाकटा चुलतभाऊ दूरचित्रवाणीसमोर बसून ‘डोरेमॉन’ पाहत होता आणि मी शेजारी कॉस्टिंगची वही उघडून बसलो होतो. नोबिता नेहमीप्रमाणे जियानचा मार चुकवीत मोकळ्या मैदानात पळत आला आणि तिथल्या सिमेंटच्या पाइपात दडून बसला. भावाने विचारले, “दादा, हे पाइप इथं कुणी ठेवलेत?”

मी मान वर न करताच म्हटले, “ते तिथंच असतात.”

उत्तर देऊन झाले, पण माझे मलाच ते पटेना. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला माल कुठून आला, कुणाचा आहे, किती दिवस पडून आहे, हे प्रश्न पडायला हवेत. मी स्वतः सहा-सात वर्षांचा असल्यापासून हे तीन पाइप पाहत आलो. खाली दोन, वर एक. ते कुणाचे, कशासाठी आणले, अजून कुणी नेले का नाहीत, असा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्या सुट्टीत मी त्यांचा माग काढायचे ठरवले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय पोरकट वाटेल, पण शेवटपर्यंत वाचल्यास तो तितकासा पोरकट नाही असे आपणांस वाटेल, अशी आशा आहे.

पार्श्वभूमीतली वस्तू म्हणजे काय?

साध्या चित्रपटात रस्त्यावरचे दृश्य घेतले की कॅमेऱ्यात पुष्कळ गोष्टी आपोआप येतात. मागून जाणारी सायकल, भिंतीवरची जाहिरात, एखादे कुत्रे. दिग्दर्शकाने त्या मागवलेल्या नसतात. जपानी व्यंगपटात, ज्याला आज सर्वत्र ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, अशी एकही वस्तू आपोआप येत नाही. भिंतीवरचा डागसुद्धा कुणीतरी बसून काढलेला असतो. म्हणून एखादी वस्तू पुन:पुन्हा, वेगवेगळ्या मालिकांत दिसू लागली, की तिच्यामागे काही कारण आहे असे समजावे. माझ्या समजुतीप्रमाणे ही कारणे चार प्रकारची असतात.

पहिले कारण काटकसरीचे. ओसामू तेझुका यांची ‘टेत्सुवान आटोम’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि मोबदला तर खर्चाहूनही कमी, अशी ती परिस्थिती होती. त्यावर त्यांच्या संस्थेने उपाय काढला तो चित्रांच्या पेढीचा. एकदा काढलेले चित्र जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचे. पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर आणि मागचा देखावा वेगळ्या कागदावर रंगवलेला असल्यामुळे हे सहज जमे. आमच्या भाषेत सांगायचे तर मैदानाचा देखावा हा स्थिर खर्च. तो जितक्या भागांवर वाटला जाईल तितका दर भागाचा बोजा कमी.

दुसरे कारण सहीचे. चित्रकार आपली ओळख म्हणून एखादी वस्तू कोपऱ्यात ठेवून देतो. तेझुका यांच्या चित्रकथांत ठिगळे लावलेला, भोपळ्यासारखा दिसणारा ‘ह्योतानत्सुगी’ नावाचा एक विचित्र प्राणी काही कारण नसता मध्येच डोकावतो. अमेरिकेतील पिक्सार संस्थेच्या चित्रपटांत ‘पिझ्झा प्लॅनेट’ची एक जुनी गाडी १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’पासून फिरते आहे. तिथल्याच अनेक चित्रपटांत ‘ए ११३’ हा आकडा दिसतो. तो कॅलिफोर्नियातील ज्या कलासंस्थेत हे चित्रकार शिकले तिथल्या वर्गखोलीचा क्रमांक. आपल्याकडे विद्यार्थी बाकावर नाव कोरतात, त्यातलाच हा प्रकार.

तिसरे कारण व्यापारचिन्हाचे, आणि हे आम्हा वाणिज्यवाल्यांच्या जिव्हाळ्याचे. अ‍ॅनिमेत मुले हॅम्बर्गर खायला जातात ते दुकान पुष्कळदा ‘वॅकडोनाल्ड’ असते. इंग्रजी ‘एम’ उलटा केला की ‘डब्ल्यू’ होतो, आणि दुसऱ्याचे चिन्ह विनापरवाना वापरल्याचा आरोप टळतो. ‘इनुयाशा’ मालिकेतली कागोमे आपल्या मैत्रिणींबरोबर अशाच दुकानात बसते. उलट २०१९ च्या माकोतो शिन्काई यांच्या ‘वेदरिंग विथ यू’ या चित्रपटात मॅकडोनाल्डचे खरे नाव, खरे चिन्ह आहे, कारण तिथे रीतसर करार होता. गंमत पुढेच आहे. २०२४ साली खुद्द मॅकडोनाल्डनेच हे उलटे ‘डब्ल्यू’ आपल्या जाहिरातीसाठी वापरले. ज्या नकलेवर दावा ठोकता आला असता ती नक्कल कंपनीने स्वतःच अंगावर घातली. ख्यातिमूल्य, ज्याला आपण ‘गुडविल’ म्हणतो, ते कुठून कसे जमा होईल याचा नेम नाही.

चौथे कारण संकेताचे. एक वस्तू कुण्या एका चित्रकाराची राहत नाही. ती सगळ्यांची होते. ती दिसली की प्रेक्षकाला न सांगता काही कळते. मराठी नाटकात पडदा वर गेला आणि अंगणात तुळशीवृंदावन दिसले की घर कोणत्या वळणाचे ते कळते, तसे. नोबिताच्या मैदानातले तीन पाइप या चौथ्या प्रकारात मोडतात, असे माझे म्हणणे आहे.

पाइप कुठे कुठे दिसतात?

‘डोरेमॉन’ ही चित्रकथा हिरोशी फुजिमोतो (टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ, १९३३ ते १९९६) यांनी १९६९ च्या अखेरीस सुरू केली. दूरचित्रवाणीवर ती प्रथम १९७३ मध्ये आली, आणि १९७९ पासून जी सुरू झाली ती नव्या चित्रांनिशी आजही चालू आहे. १९८० पासून तिचे चित्रपटही निघतात. या साऱ्यांत मैदान तेच. तिथे बेसबॉल खेळला जातो, चेंडू शेजारच्या कामिनारी आजोबांच्या खिडकीवर आदळतो, जियान आपले भयंकर गायन ऐकवतो, नोबिता झोपतो, रडतो, लपतो. आणि मागे ते तीन पाइप. २०१४ साली ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ हा त्रिमिती चित्रपट निघाला, तेव्हा संगणकावर सारे जग नव्याने घडवले गेले. पण मैदानात पाइप ठेवण्यास कुणी विसरले नाही.

हे पाइप एकट्या डोरेमॉनचे नाहीत. फुजिमोतो आणि त्यांचे सहकारी मोतोओ आबिको यांच्या ‘ओबाके नो क्यू-तारो’ या १९६५ च्या मालिकेतील भूत अशाच वस्तीत राहते. १९७२ च्या ‘दोकोन्जो गाएरू’ या मालिकेत एक बेडूक मुलाच्या सदऱ्यावर चिकटून चित्र होऊन बसतो. ती मालिका दुसऱ्याच चित्रकाराची आहे, पण मुलांचे मोकळे मैदान आणि तिथले पाइप ओळखीचे वाटतात. आपल्याकडे हिंदीत आलेल्या ‘परमॅन’ आणि ‘किटेरेत्सु’ यांतही हीच वस्ती, हीच कुंपणाची भिंत, हेच मैदान.

येथे एक सावधगिरी सांगतो. तोच पाइप आणि तसाच पाइप यांत फरक आहे. एकाच मालिकेत हुबेहूब तेच चित्र आले तर ती पेढीतली काटकसर. दुसऱ्या चित्रकाराने, दुसऱ्या संस्थेत, नव्याने काढूनही तसेच आले तर तो संकेत. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर सगळीकडे एकच वस्तू दिसल्याचा भास होतो आणि अभ्यास बाजूला राहून नुसता खेळ उरतो.

तीनच का?

मी वहीत चित्र काढून पाहिले. एक पाइप ठेवला तर तो घरंगळेल असे वाटते. दोन ठेवले तर नुसते शेजारी पडलेले दिसतात. तीन ठेवले की रास होते. माल रचून ठेवल्याचा भाव येतो. त्याहून कमीत रास होत नाही, आणि जास्त काढण्यात चित्रकाराचे श्रम वाया जातात. तीन वर्तुळे आणि काही सरळ रेघा, एवढ्यात काम भागते.

शिवाय ही रास म्हणजे मुलांचे रंगमंच आहे. वरच्या पाइपवर बसतो तो त्या दिवसाचा राजा, बहुधा जियान. खाली उभे राहतात ते प्रजाजन. आत शिरतो तो दुःखी किंवा भित्रा. एका साध्या वस्तूत उंच, सखल आणि गुप्त अशा तीन जागा मिळतात. नाटकाचा नेपथ्यकार याहून स्वस्त आणि सोयीचे काही सुचवू शकेल असे वाटत नाही.

पण हे झाले चित्रकाराच्या सोयीचे. मैदानात नेमके पाइपच का, ओंडके किंवा विटा का नाहीत, याचे उत्तर चित्रात नाही. ते टोकियोच्या इतिहासात आहे.

टोकियोच्या जमिनीखाली

साधारण १९५५ ते १९७३ हा काळ जपानच्या वेगवान आर्थिक वाढीचा समजला जातो. अर्थव्यवस्था दरसाल सुमारे दहा टक्क्यांनी वाढत होती. खेड्यातली माणसे टोकियोत लोटत होती; १९६२ मध्ये शहराची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली. १९६४ च्या ऑक्टोबरात तिथे ऑलिंपिक सामने भरले. उंच रस्ते झाले, अतिवेगवान रेल्वे झाली. जग ते पाहून थक्क झाले.

जमिनीखाली मात्र गोष्ट निराळी होती. टोकियोत आधुनिक भुयारी गटाराचा आरंभ १८८४ साली कांदा भागात झाला आणि मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९२२ मध्ये मिकावाशिमा येथे सुरू झाले. परंतु युद्धानंतर शहर इतक्या झपाट्याने पसरले की गटारे मागे पडली. नव्या वस्त्यांतल्या घरांत मैल्याचे खड्डे असत आणि ते उपसून नेण्यासाठी नळी लावलेल्या गाड्या गल्लोगल्ली फिरत. ही उणीव भरून काढण्यास पुढची तीस वर्षे लागली. टोकियोच्या तेवीस विभागांत भुयारी गटार जवळपास शंभर टक्के पोहोचले ते १९९४ च्या आर्थिक वर्षात.

म्हणजे ज्या वर्षांत या चित्रकथा काढल्या जात होत्या, त्या वर्षांत शहराच्या कडेच्या वस्त्या खणलेल्या होत्या. नोबिताचे घर नेरिमा विभागात दाखवले आहे. तो असाच शेतीतून शहर होत चाललेला भाग. घरे उठत होती, मध्ये मध्ये प्लॉट रिकामे होते, आणि गटारासाठी आणलेला माल ठेवायला त्या रिकाम्या प्लॉटइतकी सोयीची जागा कोणती? मुलांनी शाळेतून येऊन त्यावर चढावे, हे ओघानेच आले. चित्रकाराने ते योजून काढले नाही. खिडकीतून दिसले ते काढले.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. पाइप गटाराचे आहेत, आणि ते तिथे ‘असतात’ असे नव्हे. ते तिथून जायचे आहेत.

पाइपाचे नाव

जपानीत या पाइपाला ‘दोकान’ म्हणतात. ‘दो’ म्हणजे माती, ‘कान’ म्हणजे नळ. अर्थात मातीचा भाजलेला नळ. आइची प्रांतातील तोकोनामे हे गाव अशा नळांसाठी प्रसिद्ध आहे. पण नोबिताच्या मैदानातले पाइप करडे, जाड आणि गुळगुळीत आहेत. ते मातीचे नव्हेत, काँक्रीटचे आहेत. वस्तू बदलली तरी जुने नाव चिकटून राहिले, जसे आपण आजही ‘पैसे मोजून’ देतो आणि प्रत्यक्षात मोबाईल पुढे करतो.

या काँक्रीटच्या पाइपाचे खरे नाव आपल्या गवंड्यांना आणि कंत्राटदारांना ठाऊक आहे. ह्यूम पाइप. मला वाटे, हा कुठला तरी इंग्रजी गुणवाचक शब्द असावा. तो निघाला माणसाच्या आडनावाचा. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने १९१० साली ही रीत काढली. लोखंडी साच्यात सळयांचा पिंजरा बसवायचा, साचा वेगाने गरगर फिरवायचा आणि आत काँक्रीट सोडायचे. फिरण्याच्या जोराने काँक्रीट बाहेरच्या बाजूला दाबले जाते, जादा पाणी सुटते आणि भिंत घट्ट बसते. ताक घुसळताना भांड्याच्या कडेला कसे चढते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

ही रीत जगभर गेली. जपानात ह्यूम पाइपाची कंपनी १९२५ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, मुंबईत ‘इंडियन ह्यूम पाइप कंपनी’ निघाली. संस्थापक कोण, तर आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद! वालचंदनगर त्यांचे आणि १९४० साली बंगळुरात विमानाचा कारखानाही त्यांनीच काढला, एवढे मला पाठ होते. पण जहाज आणि विमान यांच्या गौरवात पाइप मागे राहून जातो. गटाराचे स्मारक कोण बांधणार? तरी टोकियोच्या मैदानातला पाइप आणि आपल्या रस्त्याकडेचा पाइप, एका वर्षाच्या अंतराने निघालेल्या दोन कंपन्यांमुळे, एकाच कुळातले ठरले. नोबिताचे मैदान मला लहानपणी परके वाटले नाही याचे हेही एक कारण असावे.

पाइप गेले, चित्र राहिले

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हे पाइप एक कोडेच आहेत. कंत्राटदाराने आणलेला माल म्हणजे चालू मालमत्ता. तो जितका पडून राहील तितके भांडवल अडकते आणि व्याज चढते. पन्नास वर्षे माल उचललाच नाही असा कंत्राटदार जगात सापडणार नाही. तेव्हा केव्हातरी या पाइपांचे खाते बदलले असले पाहिजे. ते चालू मालमत्तेतून स्थिर मालमत्तेत गेले, आणि नवल असे की त्यांवर घसारा लागला नाही. उलट मूल्य वाढत गेले.

प्रत्यक्षात काय झाले? गटारे पूर्ण झाली, पाइप जमिनीत गेले. उरलेल्या प्लॉटांवर घरे उठली. १९८० नंतरच्या दशकात टोकियोत जमिनीच्या किंमती अशा भडकल्या की रिकामा प्लॉट मुलांच्या खेळासाठी सोडणे कुणालाच परवडेना. कामाच्या जागांना कुंपणे घातली गेली. १९९२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘क्रेयॉन शिन-चान’ची वस्ती पाहा. कासुकाबे हे टोकियोबाहेरचे गाव. वडिलांच्या डोक्यावर घराचे बत्तीस वर्षांचे कर्ज. तिथे मुले खेळतात ती आखलेल्या बागेत, घसरगुंडी आणि वाळूच्या चौकोनात. पार्श्वभूमी पाहून मालिकेचा काळ ओळखता येतो तो असा. वस्तूचे असणे जसे बोलते तसे नसणेही बोलते.

आज जपानी मुलाने असे मैदान डोळ्यांनी पाहिलेले नसते, तरी त्याला ते ओळखता येते. कावासाकी येथे २०११ मध्ये फुजिको एफ. फुजिओ यांचे संग्रहालय उघडले. त्याच्या गच्चीवरील हिरवळीत पाइप ठेवलेले आहेत आणि लोक त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. निन्टेन्डोच्या ‘मारिओ’ या खेळातला मिशीवाला ज्या पाइपांतून खालीवर करतो, त्यांचे मूळही चित्रकथांतल्या रिकाम्या प्लॉटवरील पाइपांशी जोडले जाते. वस्तू जगातून गेली आणि कल्पनेत स्थिर झाली.

‘स्टँड बाय मी डोरेमॉन’च्या दोघा दिग्दर्शकांपैकी ताकाशी यामाझाकी यांनी २००५ मध्ये ‘ऑल्वेज’ हा १९५८ च्या टोकियोवरचा चित्रपट काढला होता. त्यात टोकियो टॉवर बांधला जात असतो, शेजार प्रेमळ असतो. लोकांनी तो डोक्यावर घेतला. गतकाळाची ही ओढ मी समजू शकतो. परंतु येथेच मला थोडे थांबावेसे वाटते.

आमच्या गल्लीतले पाइप

मी बेळगावच्या शहापूर भागात वाढलो. आमच्या गल्लीत मराठी शाळेत जाणारी आणि कन्नड शाळेत जाणारी मुले निम्मी-निम्मी होती. घरात भाषा निराळी, पण डोरेमॉन मात्र सर्वांचा हिंदीत. तो भारतात २००५ पासून हिंदीत आला, म्हणजे आमच्या जन्माच्या सुमारास. खेळताना कुणी कोणत्या भाषेत ओरडायचे हा प्रश्नच नव्हता. जियानचे हिंदी सर्वांना येई.

मी आठ वर्षांचा असताना गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर गटारासाठी पाइप येऊन पडले. आमचा आनंद काय सांगावा! आम्हाला वाटले, नोबिताचे मैदान आमच्याकडे आले. तीन पाइपांची रास नव्हती. एका ओळीत बरेच होते आणि टोकाशी दोनांवर एक चढवलेला होता. तेवढे आम्हाला पुरे होते. आई ओरडे, “अरे, आत साप असतोय, शिरू नका.” कोण ऐकतो? पावसाळा गेला, दुसरा आला, पाइप तिथेच. त्या कंत्राटाचे काय झाले होते ते आम्हा मुलांना कोण सांगणार?

दुसऱ्या पावसाळ्यात खालची माती सुटली. पाइपाखाली अडणीचा दगड लावलेला नव्हता. वरचा पाइप घरंगळला, आणि माझ्या कन्नड शाळेतल्या मित्राचा पाय खाली सापडला. त्या दिवशी वर बसून ‘जियान’ झालो होतो तो मी. मी उडी मारून वाचलो. तो तीन महिने अंथरुणावर होता. आज तो आमच्याच महाविद्यालयात आहे. चालताना किंचित पाय ओढतो. या अंकाच्या कन्नड विभागात त्याची कविता आहे. हा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला आणि त्याची संमती घेतली. तो हसून एवढेच म्हणाला, “नोबिताच्या पाइपाखाली दगड होता का बघ आधी.”

मी पुन्हा पाहिले. चित्रात दगड असो वा नसो, ते पाइप कधी हलत नाहीत. चित्रातला पाइप घरंगळू शकत नाही, कारण तो मुळात माल नाही. तो संकेत आहे. आम्ही मात्र संकेत समजून मालावर चढलो होतो. पार्श्वभूमीतली वस्तू गुपचूप शिकवते म्हणतात, ते असे. पुढचे पात्र चुकले तर आपण त्याला हसतो. मागच्या वस्तूवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

अपघातानंतर चार महिन्यांत ते पाइप जमिनीत गेले. पुढच्या वर्षी प्लॉटला कुंपण पडले आणि आता तिथे तीन मजली इमारत आहे. मी एकदा आजीपाशी हळहळलो की आमचे मैदान गेले. आजीने काही वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “तुला मैदान आठवतंय. मला टोपलीचे संडास आठवतात. पहाटे बाया यायच्या, डोक्यावरनं न्यायच्या. पाइप आले ते बरं झालं रे, मेलं ते मैदान.”

माणसाकरवी मैला वाहून नेण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९९३ मध्ये झाला आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये करावा लागला, हे मी नंतर वाचले. आजीने ते कायद्याशिवाय एका वाक्यात सांगितले होते. टोकियोत काय, बेळगावात काय, पाइप वर पडलेला असतो तोवर मुलांचा असतो. खाली गेला म्हणजे सर्वांचा होतो. नोबिताचे मैदान इतकी वर्षे मोकळे राहिले याचा अर्थ त्या चित्रातल्या वस्तीचे गटार अजून झालेलेच नाही!

कसे पाहावे?

ज्या वाचकांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी माझी पद्धत थोडक्यात सांगतो. एक वही करावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत. पहिल्यात मालिकेचे वा चित्रपटाचे नाव आणि वर्ष, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात ती हुबेहूब तीच की त्याच जातीची, चौथ्यात कथेत तिचा उपयोग काय, आणि पाचव्यात खऱ्या जगात ती त्या वर्षी कुठे, कशासाठी होती. पहिले चार रकाने पडद्यासमोर बसून भरता येतात. पाचव्यासाठी उठून ग्रंथालयात जावे लागते, आणि खरा अभ्यास तोच. पाचवा रकाना रिकामा ठेवणारा माणूस नुसती मोजदाद करतो. माझ्यासारख्या कीर्द-खतावणीवाल्याला मोजदादीचा मोह फार, म्हणून हे स्वतःलाच बजावीत आहे.

हीच पद्धत आपल्या जुन्या मराठी आणि कन्नड चित्रपटांनाही लावता येईल. घरातला पितळी बंब कोणत्या साली पडद्यावरून गेला? सार्वजनिक नळावरची रांग केव्हा दिसेनाशी झाली? दोन्ही विभागांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून अशी एक वही केली तर पुढच्या अंकाला चांगला मजकूर होईल.

असो. सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी मी भावाला बोलावून पूर्ण उत्तर दिले. पाइप गटाराचे आहेत, टोकियोत तेव्हा गटारे चालू होती, काम झाले की ते नेणार. त्याने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “मग नोबिता लपणार कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. आमच्या इमारतींच्या गल्लीत त्याच्या वयाच्या मुलांना लपायला कुठे जागा आहे, हे पाहत परवा मी टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.